तीन चुकीची उत्तरे

जर्मन नागरिकत्वासाठी जी ज्ञानपरीक्षा द्यावी लागते, तिचे सगळे प्रश्न सरकारनेच आधी प्रसिद्ध करून ठेवलेले असतात, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा शाळेत नागरिकशास्त्र ‘ऑप्शनला टाकणारी’ मुलगी माझ्यात पुन्हा जागी झाली. परीक्षार्थीच्या वाट्याला ३१० प्रश्न येतात. त्यांतले ३०० संपूर्ण देशासाठी समान असतात आणि १० आपण राहतो त्या राज्यापुरते असतात. परीक्षेत ३३ विचारतात, प्रत्येकाला चार पर्याय असतात, वेळ ६० मिनिटांचा असतो आणि १७ उत्तरे बरोबर आली की माणूस उत्तीर्ण होतो. शुल्क २५ युरो. म्हणजे आमच्या पिढीने ज्या अपेक्षित प्रश्नसंचांच्या जिवावर दहावी पार पाडली, त्याहूनही हा सोपा मामला होता. येथे संचाबाहेरचे काही येण्याची भीतीच नव्हती. दोन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास दिला तर पुरेल, असा माझा हिशेब होता, आणि केवळ उत्तीर्ण होण्यापुरते पाहिले तर तो चुकीचा नव्हता.

तो हिशेब पहिल्याच प्रश्नाने बिघडवला. जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे बोलू शकतात, कारण — आणि पुढे चार पर्याय: येथे धर्मस्वातंत्र्य आहे, लोक कर भरतात, लोकांना मतदानाचा हक्क आहे, येथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. उत्तर चौथे, हे न वाचताही सांगता येते. पण प्रश्न मोठ्याने वाचण्याचे काम माझ्या नवऱ्याने अंगावर घेतले होते आणि त्याला चटकन पुढे जाण्याची सवय नाही. “तू अकरा वर्षे इथे कर भरतेस,” तो म्हणाला, “आणि मत एकदाही दिलेले नाहीस. मग बोलण्याचा हक्क तुला नक्की कशामुळे मिळाला?” त्याने हे गंमतीने विचारले होते, परंतु मला खरोखरच उत्तर देता येईना, म्हणून मी ग्रुंडगेझेट्स, म्हणजे जर्मनीची १९४९ ची राज्यघटना, उघडून बसले.

तिच्यातल्या पाचव्या कलमाची सुरुवात ‘प्रत्येकाला’ या शब्दाने होते आणि मत मांडण्याचा हक्क तेथे प्रत्येक माणसाला दिलेला आहे. आठवे कलम मात्र, जे एकत्र जमण्याच्या हक्काविषयी आहे, ते ‘सर्व जर्मनांना’ असे सुरू होते. प्रत्यक्षात सभांविषयीच्या कायद्याने ही मुभा इतरांनाही दिलेली आहे, त्यामुळे मोर्चात चालताना मला कोणी अडवले नसते. पण घटनेच्या पातळीवर तो हक्क माझा नव्हता. मग उत्सुकतेपोटी भारतीय राज्यघटना पाहिली. तेथे भाषणाचे स्वातंत्र्य आणि सभेचे स्वातंत्र्य दोन्ही एकोणिसाव्या अनुच्छेदात आहेत आणि दोन्ही ‘सर्व नागरिकांना’ आहेत, तर चौदावा आणि एकविसावा अनुच्छेद ‘कोणत्याही व्यक्ती’विषयी बोलतो. नागरिक आणि व्यक्ती यांच्यामधली रेघ दोन देशांनी वेगवेगळ्या ठिकाणी मारली आहे, आणि मी गेली अकरा वर्षे त्या रेघेच्या या बाजूला राहत होते याचा पत्ता मला ‘लोक कर भरतात’ या एका चुकीच्या पर्यायामुळे लागला.

त्या संध्याकाळनंतर मी अभ्यासाची पद्धत बदलली. बरोबर उत्तर पाठ करायला काही सेकंद पुरतात; तेव्हा उरलेला वेळ बाकीच्या तीन उत्तरांना द्यायचा, ती कोठून आली आणि कोणाला बरोबर वाटू शकतील ते शोधायचे, आणि जे सापडेल ते वहीत लिहायचे. ३१० प्रश्नांचे असे करणे शक्य नव्हते आणि गरजेचेही नव्हते. काही पर्याय उघडपणे जागा भरण्यासाठी बसवलेले आहेत; प्रश्न तयार करणाऱ्याला तिसरा पर्याय सुचल्यानंतर चौथ्यापाशी कंटाळा आला असावा, असे अनेकदा वाटते. साधारण साठ प्रश्नांपाशी मात्र मी थांबले.

त्यांतला सर्वांत जास्त पाने खाणारा प्रश्न दिसायला अगदी किरकोळ होता. पुढीलपैकी काय जर्मन घटनेशी सुसंगत आहे: फटक्यांची शिक्षा, छळ, मृत्युदंड की आर्थिक दंड? नवऱ्याने वाचले आणि लगेच म्हणाला, “आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर आली असती.” भारतात फाशी कायदेशीर आहे, हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून माहीत असलेले, कधीही विचित्र न वाटलेले वास्तव होते. येथे ते चुकीच्या रकान्यात, छळाच्या शेजारी बसलेले होते. मग मी तिन्ही चुकीच्या उत्तरांच्या मागे लागले आणि असे दिसले की तिघांपैकी एकही काल्पनिक नाही. तिन्ही या देशाने वापरून टाकून दिलेली आहेत, आणि तीही काही फार पूर्वी नव्हे.

मृत्युदंड पश्चिम जर्मनीत १९४९ मध्ये घटनेच्या १०२ व्या कलमाने संपला; ते कलम एका छोट्या वाक्याचे आहे. पूर्व जर्मनीत तो १९८७ पर्यंत कायद्यात होता. हेसन राज्याच्या १९४६ च्या घटनेत तर त्याची तरतूद २०१८ पर्यंत कागदावर राहून गेली होती. संघराज्याच्या घटनेपुढे तिला काही अर्थ नव्हता, तरी ती खोडण्यासाठी शेवटी जनमत घ्यावे लागले. शाळेतली छडी पश्चिम जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत १९७३ मध्ये आणि बव्हेरियात १९८३ मध्ये बंद झाली, आणि मुलांना हिंसेविना वाढवले जाण्याचा हक्क आहे हे नागरी कायद्यात स्पष्टपणे लिहायला २००० साल उजाडले. माझ्या ऑफिसातल्या साठीच्या सहकाऱ्यांनी शाळेत मार खाल्लेला असणार, हे गणित मी त्या रात्री पहिल्यांदा केले.

छळाची गोष्ट सर्वांत अवघड निघाली. २००२ मध्ये फ्रँकफुर्टमध्ये एका लहान मुलाचे अपहरण झाले. आरोपी पोलिसांच्या हाती लागला होता, पण मूल कोठे आहे ते सांगत नव्हता. तेव्हा शहराच्या पोलीस उपप्रमुखांनी त्याला असह्य वेदना देण्याची धमकी द्यायला लावली. आरोपी बोलला, पण मुलाचा खून आधीच झालेला होता. पुढे २००४ मध्ये त्या पोलीस अधिकाऱ्यावरच खटला चालला आणि न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. मुलाला वाचवण्याचा त्याचा हेतू लक्षात घेऊन शिक्षा सौम्य दिली: आर्थिक दंड राखून ठेवून ताकीद. म्हणजे छळाच्या धमकीबद्दल न्यायालयाने जे उच्चारले, ते आमच्या प्रश्नातले चौथे, बरोबर उत्तर होते. मी हे नवऱ्याला वाचून दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, आणि मग म्हणाला की त्या अधिकाऱ्याच्या जागी असतो तर मीही तेच केले असते. मलाही तसेच वाटले. तरीही परीक्षेत छळापुढे खूण करता येत नाही, आणि मला वाटते की प्रश्नाचा खरा अवघडपणा तेथे आहे; तो चार पर्यायांच्या चौकटीत मावत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या एका प्रश्नात घटनेने दिलेला मूलभूत हक्क कोणता ते विचारले आहे आणि पर्यायांत श्रद्धा व सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, मनोरंजन, काम आणि घर असे चार हक्क आहेत. मनोरंजन सोडून देऊ. पण कामाचा आणि घराचा हक्क कोणी विनोद म्हणून लिहिलेला नाही. पूर्व जर्मनीच्या १९६८ च्या घटनेत हे दोन्ही हक्क नागरिकांना दिलेले होते. त्या देशात वाढलेल्या माणसाला शाळेत जे बरोबर म्हणून शिकवले गेले, ते १९९० नंतर चूक ठरले, आणि हा बदल त्याने एकाही सीमेपलीकडे स्थलांतर न करता अनुभवला. आपल्याकडे कामाचा हक्क एकेचाळिसाव्या अनुच्छेदात, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ठेवलेला आहे, जेथून तो न्यायालयात मागता येत नाही. भारतीय परीक्षार्थी या प्रश्नात क्षणभर अडखळला तर त्याला दोष देता येणार नाही.

पहिल्या कलमावरच्या प्रश्नातील चुकीचे पर्याय आणखी वेगळ्या जातीचे आहेत. पहिल्या कलमात कोणता हक्क आहे, याचे उत्तर मानवी प्रतिष्ठेची अभंगता असे आहे. बाकीचे तिन्ही पर्याय, म्हणजे जगण्याचा हक्क, धर्मस्वातंत्र्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य, घटनेत आहेतच, फक्त पहिल्या क्रमांकावर नाहीत. येथे चूक आशयाची नसून क्रमाची आहे, आणि हा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. पहिल्या आणि विसाव्या कलमांतली तत्त्वे संसदेला कितीही मोठ्या बहुमताने बदलता येत नाहीत, असे एकोणऐंशीव्या कलमात लिहून ठेवले आहे. येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हायडेलबर्गचे दीट्रिश कॉनराड नावाचे अभ्यासक १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही अंगभूत मर्यादा असतात, या विषयावर बोलून गेले. तो युक्तिवाद आपल्या न्यायालयांपर्यंत पोहोचला, आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, ज्यात वकील नानी पालखीवाला सरकारविरुद्ध उभे होते, सात विरुद्ध सहा अशा मतांनी संसदेलाही मोडता न येणारी घटनेची ‘मूलभूत चौकट’ मान्य झाली. त्या निकालपत्रात कॉनराड यांचा उल्लेख आहे. परक्या देशाची म्हणून मी जी घटना वाचत होते, तिचा एक धागा माझ्या जुन्या घटनेत आधीच विणलेला होता.

इतिहासाचा भाग बहुतेकांना सनावळ्यांमुळे कंटाळवाणा वाटतो. १९३३, ८ मे १९४५, १७ जून १९५३, १९६१, १९८९, १९९०: हे आकडे पाठ केले की बरेचसे गुण पदरात पडतात आणि त्यावर मी जास्त वेळ घालवला नाही. त्याला एकच अपवाद झाला. ‘अडखळणारे दगड’ कशाची आठवण करून देतात, असा एक प्रश्न आहे. उत्तर आहे, नाझी राजवटीच्या बळींची; आणि चुकीच्या पर्यायांपैकी एक आहे, रस्ते अपघातात मेलेल्यांची. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलेला हा उपक्रम आहे. पितळी पत्रा बसवलेला, दहा सेंटिमीटरचा चौकोनी दगड त्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घरासमोर पदपथात बसवतात आणि त्यावर नाव, जन्माचे साल आणि पुढे काय झाले ते कोरलेले असते. आमच्या इमारतीपासून चौथ्या दारासमोर असे दोन दगड आहेत. पहिली दोन-तीन वर्षे मला ती नगरपालिकेची, पाण्याच्या किंवा गॅसच्या वाहिनीची खूण वाटत असे, आणि खाली वाकून वाचण्याइतकी भाषाही तेव्हा येत नव्हती. रस्ते अपघाताचा पर्याय वाचून मी हसले नाही, ते यामुळे. माझे स्वतःचे चुकीचे उत्तर त्याहूनही वाईट होते.

भाषेविषयी लिहायचे तर, परीक्षा जर्मनमध्येच असते, आणि नागरिकत्वासाठी बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचे भाषाप्रमाणपत्र वेगळे द्यावे लागते. प्रश्नांची भाषा सोपी आहे, परंतु काही शब्द सोपे असूनही टोचतात. १९५० आणि ६० च्या दशकांत पश्चिम जर्मनीने परदेशांतून बोलावलेल्या कामगारांना काय म्हणत, असा एक प्रश्न आहे, आणि उत्तर आहे ‘गास्टआर्बाइटर’, म्हणजे पाहुणे कामगार. १९५५ मध्ये इटलीशी पहिला करार झाला, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी झाला, आणि हे पाहुणे येऊन, कारखान्यांत राबून, येथेच म्हातारे झाले. मराठीत पाहुण्याला पाणी-चहा विचारतात आणि तो निघाला की ‘पुन्हा या’ म्हणतात. तो राहिलाच तर त्याला काय म्हणायचे, यासाठी आपल्याकडेही शब्द नाही. जून २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने या जुन्या पिढीला ही परीक्षा माफ केली आहे आणि त्यांच्याकडून फक्त बोलण्यापुरत्या भाषेची अपेक्षा ठेवली आहे. संपूर्ण सुधारणेतला हा भाग मला सर्वांत योग्य वाटतो. त्यांना आता चार पर्यायांतून काय निवडायला सांगणार?

त्याच कायद्याने वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली आणि आधीचे नागरिकत्व सोडण्याची सक्तीही काढून टाकली. भारतीयांना या दुसऱ्या सवलतीचा उपयोग नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर मिळणाऱ्या ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांसाठीच्या, कार्डावर आजीवन येता-जाता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या नवऱ्याने याच कारणांसाठी अर्ज न करण्याचे ठरवले आहे. आमच्या घरात हा वाद भांडण न होता मिटला. त्याचे म्हणणे मला पटते, माझे त्याला पटते, आणि तरी दोघेही आपापल्या जागी आहोत. माझे कारण साधे होते, आणि तेही एका प्रश्नातच सापडले. आमच्या नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्याच्या दहा प्रश्नांत, स्थानिक निवडणुकीत कितव्या वर्षापासून मत देता येते, हा एक आहे. उत्तर सोळा. शेजारच्या घरातला मुलगा, ज्याला मी बालवाडीत जाताना पाहिले होते, त्याने सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत महापालिकेसाठी मत दिले. युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांनाही तेथे मत असते. मी त्या दिवशी मतदान केंद्रावरून चालत बाजारात गेले आणि परत आले.

परीक्षेच्या दिवसाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. शहरातल्या लोकशिक्षण केंद्राच्या एका वर्गखोलीत आम्ही वीसेक जण होतो; ओळखपत्रे तपासली, सूचना वाचून दाखवल्या, प्रत्येकाला वेगळी प्रश्नपत्रिका मिळाली. दहाव्या मिनिटाला पहिला माणूस उठून गेला आणि विसाव्या मिनिटापर्यंत निम्मी खोली रिकामी झाली. मी पंचेचाळीस मिनिटे बसले, आणि हे माझ्या अभ्यासाच्या पद्धतीचे अपयश मानायला हवे. प्रत्येक प्रश्नाची चारही उत्तरे आता ओळखीची झाली होती आणि त्यांतल्या एकीला निवडताना बाकीच्या तिघी आपापली हकीकत घेऊन पुढे येत होत्या. पर्यवेक्षक बाईंनी दोनदा काळजीने माझ्याकडे पाहिले. त्यांना बहुधा वाटले असावे की मला भाषा येत नाही.

काही आठवड्यांनी टपालाने प्रमाणपत्र आले. ३३ पैकी ३२. उत्तीर्ण होण्यासाठी लागणाऱ्या गुणांपेक्षा पंधरा जास्त, तेव्हा तक्रारीला जागा नाही. अर्जाच्या फायलीत त्याची प्रत लावून ती रवानाही झाली. पण कोणते उत्तर चुकले ते प्रमाणपत्रावर लिहिलेले नाही. आठवतील तेवढे प्रश्न मी वहीत उतरवून काढले आहेत आणि अठ्ठावीसपर्यंत पोहोचले आहे. त्या अठ्ठावीसांत मला तरी चूक सापडत नाही. नवऱ्याचा संशय राज्याच्या बोधचिन्हावर आहे. मी घोड्याच्या जागी सिंह निवडला असणार, असे तो म्हणतो. माझा संशय उरलेल्या पाचांपैकी एखाद्यावर आहे, ज्यापुढे मी पूर्ण खात्रीने खूण केली आणि म्हणूनच जो मला आता आठवत नाही.